आईचे चौक, साहेबाची फिल्म

प्रत्येक चित्राखाली एक पांढरं कार्ड चिकटवलेलं होतं आणि प्रत्येक कार्डावर एकच ओळ टाइप केलेली होती: ‘अनाम आदिवासी स्त्री, मावळ.’ लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीतल्या त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात मी भिंतीच्या कडेकडेनं चालत ती कार्डं वाचत होते. आई माझ्या मागून येत होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, “काय लिवलंय गं?”

मी म्हणाले, “तुजंच लिवलंय.”

ती खूश झाली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढच्या चित्रापाशी जाऊन उभी राहिली.

आईला नाव होतं. मी ते इथे लिहीत नाही, कारण चारचौघांत नाव घेतलेलं तिला आवडायचं नाही. तो तिचा स्वभाव. पण बंगल्याच्या मालकाला, साहेबाला, ते नाव पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांहून जास्त तो आमच्या अंगणात उभा राहून त्या नावानं तिला हाका मारत होता. बुटांनी आमचं सारवण उकरत होता, आमच्या तांब्यातून पाणी पीत होता. कार्डं टाइप करायची वेळ आली तेव्हा तेच नाव तो विसरला. विसरला म्हणणंही खोटंच आहे. ‘अनाम’ लिहिलं की चित्र जास्त जुनं वाटतं, जास्त रानातलं वाटतं, हे त्याला समजत होतं. तो मुंबईत जाहिरातींच्या धंद्यात होता.

आम्ही ठाकर. आमची वाडी भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. खाली उतरलं की मळवली स्टेशन. माझा बा साहेबाच्या त्या बंगल्यावर माळी होता. आठवडाभर तिथेच मागच्या खोलीत राहायचा आणि एखाद्या दिवशी वाडीवर यायचा. आई लाकडाची मोळी घेऊन लोणावळ्याच्या बाजारात जायची, भाताच्या दिवसांत खालच्या गावच्या शेतकऱ्यांकडे कामाला जायची, आणि वाडीत किंवा आसपासच्या वाड्यांत लग्न निघालं की चौक काढायला तिलाच बोलवायचे. मी सातवीपर्यंत शिकले होते. वाडीतली तेवढी शिकलेली मुलगी मीच.

चौक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात लग्नघरची कुडाची भिंत गेरूनं सारवतात आणि तिच्यावर तांदळाच्या पिठानं मोठा चौकोन काढतात. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की तिचा कुंचला होतो. चौकोनाभोवती सूर्य, चंद्र, झाडं, ढोल वाजवणारे, नाचणारे, सगळं येतं. मधलं घर मात्र रिकामं ठेवतात. नवरानवरीला हळद लागली, म्हातारीनं देवीचं गाणं म्हटलं, की चौक काढणारी बाई मधल्या घरात देवी काढते. देवी बसली की लगीन लागलं. नुसत्या हळदीनं आणि हारांनी ते लागत नाही.

साहेबानं पहिल्यांदा हे बघितलं ते माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. बाच त्याला घेऊन आला होता. साहेबानं तीन पायांवर कॅमेरा लावला आणि दिवसभर भिंतीची फिल्म घेतली. परत गेला तो पंधरा दिवसांनी कागदांची गुंडाळी घेऊन आला. “भिंतीवर काढता तेच यावर काढा,” आईला म्हणाला.

आईला आधी हसू आलं. कागदाला शेणाचा वास नाही, म्हणाली. मग तिचा हात बसला. पुढे मी तिला जशी बघितली तशी आधी कधी बघितली नव्हती. भाकरी तव्यावर करपायची आणि ही कागदावर वाकलेली. चौक झाले, वाघ झाले, मग तिनं तिच्या डोळ्यांनी बघितलेलं काढायला सुरुवात केली. खंडाळ्याच्या घाटात मालगाडीला मागून इंजिन लावून ढकलतात, ते तिनं काढलं. दोन्ही टोकांना एकेक इंजिन, आणि मधल्या एकेका डब्यात माणसं, म्हशी, धान्य, एक बाळंतीण. पाठीवर मोळी घेऊन स्टेशनाबाहेर बसलेल्या बायका काढल्या. बंगल्याच्या फाटकाआडून भुंकणारा कुत्रा काढला, माणसापेक्षा मोठा.

साहेबानं तो गाडीचा कागद उलटसुलट करून बघितला. “हे नको. रेल्वे वगैरे नको. तुमचं असतं ते काढा.”

आई म्हणाली, “ही बी आमचीच हाये की. रोज तिच्या संगट जाती-येती मी.”

“तसं नाही हो बाई. तुमचं जुनं असतं ना, ते.”

आईनं पुन्हा वाघ काढला. पण गाडीचा कागद साहेबानं गुंडाळून नेलाच.

दोन वर्षांनी त्याच्या डोक्यात पूर्ण फिल्म करायचं आलं. फिल्मच्या शेवटी लग्न हवं होतं, आणि त्या साली वाडीत कुणाचंच लग्न नव्हतं. माझं ठरलं होतं. लोहगडाच्या पलीकडच्या अंगाच्या वाडीतला मुलगा, रेल्वेत गँगमन होता, रुळांवर काम करायचा. पण आमचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात व्हायचं होतं. साहेबाला तेवढं थांबायचं नव्हतं. तो म्हणाला, “मुलगी आहे ना? मग नुसतं लग्न लावल्यासारखं करा. नाटकच आहे.”

आणि नवरा म्हणून त्यानं बोट दाखवलं माझ्या चुलतभावाकडे. तो अंगानं भरलेला होता, कॅमेऱ्यात शोभेल असा.

बा हात जोडून म्हणाला, “सायेब, ह्यो तिचा चुलतभाऊ हाये. भाऊ-बहीण हायेत ती.”

“फिल्ममध्ये कुणाला कळणार आहे?” साहेब म्हणाला.

बानं जोडलेले हात खाली घेतले. त्याची नोकरी साहेबाकडे होती. चुलतभाऊ लाजेनं लाल झाला. आणि मी? आता मी रागानं हे लिहिते आहे खरी, पण तेव्हा मी नाही म्हटलं नाही. मला फिल्ममध्ये दिसायचं होतं. नवी साडी, हळद, बाशिंग असं सगळं घालून मी साहेबाच्या मोटारीच्या आरशात तोंड बघून आले. त्या आरशातल्या मुलीचा राग मला पुढे किती वर्षं येत राहिला!

गाणं म्हणणाऱ्या म्हातारीनं मात्र देवीचं गाणं म्हणायला साफ नकार दिला. शेवटी बानं फार विनवण्या केल्यावर ती भातलावणीची गाणी म्हणाली. साहेबाला काय कळतंय! तो डोळे मिटून डोलत होता. आईनं भिंतीवर चौक काढला, सगळा काढला, आणि मधलं घर मोकळं ठेवून काडी खाली ठेवली.

साहेबानं विचारलं, “मध्ये काही नाही?”

“न्हाई,” आई म्हणाली. “देवी बसली तर लगीन खरं हुतंय. म्या पोरीचं भावाशी लगीन लावत न्हाई.”

तो हसला. “बरं, बरं,” म्हणाला. मी ते हसू विसरलेले नाही.

दोन दिवस ढोल वाजले. डोंगरापलीकडे ऐकू जायला तेवढे पुरे होते. आठ दिवसांत माझे होणारे सासरे आमच्या दारात आले. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“ऐकलं ते खरं का?”

आईनं सगळं सांगितलं. नाटक होतं, साहेबासाठी केलं, मधलं घर मोकळं होतं.

सासरे म्हणाले, “नाटक असंल. पर देवीला नाटक कळत न्हाई. ती बसली का न्हाई बसली, तेवढंच बोला.”

“न्हाई बसली. माज्या हातानं म्या बसवली न्हाई.”

“चौक कुटंय?”

चौक साहेबाची माणसं गेल्यावर आईनं त्याच संध्याकाळी सारवून टाकला होता. तो घरात ठेवायची तिला भीती वाटत होती. सासऱ्यांनी मान हलवली. तेव्हा मीच मध्ये बोलले, “फिल्ममदी दिसंल की. मोकळं घर हाये ते दिसंल.”

ते वाक्य माझं होतं. सातवी शिकलेल्या मुलीचं. कॅमेऱ्यापुढे जे असतं तेच फिल्ममध्ये दिसतं, असं मला वाटत होतं.

म्हणून काही महिन्यांनी, फिल्म तयार झाल्यावर, त्या रविवारी दुपारी आम्ही साहेबाच्या बंगल्यावर गेलो: मी, आई, आणि सासरे. साहेबानं आईच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं आणि शेवटी फिल्म दाखवणार होता. बंगल्याबंगल्यांतले मुंबईचे लोक आले होते, लोणावळ्याच्या एका शाळेचे हेडमास्तर होते, गोऱ्या कातडीचं एक जोडपं होतं. बा पांढरा सदरा घालून चहाचे कप फिरवत होता. आमच्याकडे त्यानं बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. आईला कुणी खुर्ची दिली नाही. चित्रं बघणारे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. हे कुणी काढलं असं एकमेकांना विचारत होते, कार्ड वाचून मान डोलावत होते, आणि तिला म्हणत होते, “बाई, जरा बाजूला.”

एक चौक उलटा टांगला होता. सूर्य-चंद्र खाली, नाचणारी माणसं डोक्यावर. आईनं ते साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, “राहू दे, चांगलं दिसतंय.”

मग खिडक्यांना काळं कापड लावलं. पांढऱ्या चादरीवर फिल्म सुरू झाली. तिला अजून आवाज जोडलेला नव्हता, म्हणून साहेब यंत्रापाशी उभा राहून स्वतः सांगत होता. आमची वाडी दिसली. आमची म्हैस दिसली, तेव्हा आई हळूच हसली. मग मी दिसले.

“ही नवरी,” साहेब म्हणाला, “चौदा वर्षांची. यांच्यात इतक्या लहानपणीच लग्नं होतात.”

मी सतरा वर्षांची होते.

“आणि हा तिच्या लहानपणापासूनचा प्रियकर.”

चुलतभाऊ. लोक कौतुकानं हसले. शेजारी सासऱ्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते, आता चौक येईल, आता चौक येईल.

चौक आला. चादरभर मोठा. त्याच्या मधल्या घरात देवी बसलेली होती.

“आणि ही यांची विवाहदेवता,” साहेब म्हणाला. “ती अवतरली की विवाह संपन्न होतो.”

आई अंधारात ओरडली, “ह्यो त्यो चौक न्हवं! ह्यो माज्या भाचीच्या लग्नातला हाये! दोन सालामागला!”

कुणीतरी ‘शू’ केलं. मी उठले आणि चादरीसमोर जाऊन उभी राहिले. उजेड माझ्या डोळ्यांत घुसला. माझ्या अंगावरच तो चौक हलत होता.

मी म्हणाले, “हे खोटं आहे. हे लग्न झालेलं नाही. तो माझा चुलतभाऊ आहे. मी चौदा वर्षांची नाही. आणि गाणी भातलावणीची होती.”

मी शाळेतल्या मराठीत बोलले. म्हणजे त्यांना कळेल, असं वाटलं.

यंत्र थांबलं, कापडं बाजूला झाली, भर दुपारचा उजेड आत आला. साहेब रागावलेला नव्हता. तेच मला सहन होईना. तो पाहुण्यांकडे बघून समजुतीनं बोलत होता. “याला संकलन म्हणतात. एका ठिकाणची फीत दुसऱ्या ठिकाणी जोडतात. मध्ये रिकामी जागा बरी दिसत नव्हती. या भोळ्या लोकांना ते लवकर समजत नाही.”

मला समजलं होतं. आईनं एका खऱ्या लग्नात काढलेली देवी त्यानं कात्रीनं कापून माझ्या खोट्या लग्नात आणून बसवली होती. आईनं जे करायला नकार दिला होता, तेच त्यानं तिच्याच हातून करून घेतलं होतं.

सासरे उठले होते. मी त्यांच्या पुढे गेले. “आबा, ऐकलं न्हवं? सायेब सोता म्हनला. जोडलंय ते.”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्या डोळ्यांनी बगितलं, पोरी.” आणि व्हरांड्यातून खाली उतरून गेले. आईनं तोंडानं सांगितलेलं त्यांना पुरलं नाही, साहेबानं तोंडानं कबूल केलेलंही पुरलं नाही. चादरीवरचं मात्र त्यांना खरं वाटलं.

बा पुढे आला. मला वाटलं माझ्या बाजूनं काही बोलेल. तो साहेबाच्या पायाशी वाकला. “पोर हाये सायेब, चुकलं तिचं.” मला म्हणाला, “बस खाली. गप बस.”

मी बसले नाही. माझ्या हातांना काहीतरी करायला हवं होतं. पहिल्या कार्डापाशी गेले. लिहायला काही नव्हतं. बाजूला एक वयस्कर बाई उभ्या होत्या, मोत्यांच्या कुड्या घातलेल्या. त्यांनी पर्स उघडून आपलं शाईचं पेन माझ्यापुढे धरलं. मी ‘अनाम आदिवासी स्त्री’ खोडलं आणि त्याच्यावर आईचं नाव लिहिलं. मग दुसऱ्या कार्डावर. मग तिसऱ्या. शाई पसरत होती, अक्षर माझं चांगलं असूनही वाकडं येत होतं.

आई मागून आली. “काय लिवतीस?”

“तुजं नाव.”

“मंग मगाशी काय लिवलं हुतं?”

मला खोटं बोलता आलं नाही. “बिननावाची बाई, असं लिवलं हुतं.”

तिनं पदर खोचला. मग वळून साहेबासमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात तिनं कुठल्या साहेबाला ‘तू’ म्हटलं नव्हतं.

“माजं नाव ठावं न्हवतं तुला?”

“बाई, तसं नसतं. कलेमध्ये... आणि ही चित्रं आता माझी आहेत, तुम्ही दिलीत मला.”

“तुजी हायेत? मंग तुजं नाव लिव की त्येच्याखाली. बिननावाची कशाला म्हनतोस?”

साहेब हसायला गेला आणि ते हसू कुणीच उचललं नाही. हेडमास्तर छताकडे बघत होते. गोऱ्या जोडप्यातली बाई हळू आवाजात काहीतरी विचारत होती आणि तिला सांगायला कुणी तयार नव्हतं. मी शेवटच्या कार्डापर्यंत लिहीत गेले. पेन परत दिलं तेव्हा त्या बाईंनी माझा हात धरला आणि सोडला. त्यांचेही उपकार वाटले नाहीत मला. इतका वेळ त्याही तिथेच उभ्या होत्या, कार्डं त्यांनीही वाचली होती.

बाहेर पडताना व्हरांड्यात चहाचं टेबल होतं. त्यावर मेजपोस म्हणून आईच्या मालगाडीचा कागद पसरलेला होता. बाळंतिणीच्या डब्यावर किटली ठेवली होती. आईनं किटली उचलून जमिनीवर ठेवली, एकेक कप उचलून जमिनीवर ठेवला, एकही फोडला नाही, आणि तो ओला कागद घडी न घालता हातांवर धरून फाटकाबाहेर पडली. स्टेशनापर्यंत तशीच चालली.

बाची नोकरी गेली नाही. साहेबानं मोठं मन केलं, असं बाच सांगायचा. तो पुढेही त्या बंगल्यावर गुलाबांना पाणी घालत राहिला, आणि सबंध पावसाळाभर आई त्याच्याशी बोलली नाही. मीही नाही. आज मला कळतं की दुसरीकडे जायला त्याला जागा नव्हती. कळलं म्हणून राग कमी होतो असं नाही.

माझं लग्न मोडलं. दुसऱ्या वाड्यांतून विचारायला येणारेही थांबले. चुलतभावाला पोरं ‘बहिणीचा नवरा’ म्हणून चिडवायची. तो वाडी सोडून सोमाटण्याकडे खडी फोडायच्या कामाला गेला आणि सणालाही फिरकेना. त्याचं नुकसान कुणी मोजलंच नाही, मीसुद्धा फार उशिरा मोजलं. पुढे मुंबईत साहेबाची फिल्म लागली आणि तिचं कौतुक झालं. खालच्या गावच्या मास्तरांनी मला वर्तमानपत्र दाखवलं. त्यात आईचं चित्र छापलं होतं, साहेबाचं नाव छापलं होतं. मास्तर म्हणाले, “बघ, तुमची कला कुठवर गेली.” मी ते वर्तमानपत्र त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

मी मास्तरीण व्हायचं त्याच दिवशी ठरलं, असं सांगायला छान वाटेल, पण तसं झालं नाही. वर्षभर मी मोळ्या वाहिल्या, रडले, आईशी भांडले. मग शिक्षिकांच्या ट्रेनिंगला नाव लागलं आणि मी गेले, एवढंच.

सुट्टीहून परत जाताना एकदा मळवली स्टेशनवर तो भेटला. ज्याच्याशी माझं ठरलं होतं तो. रुळांच्या कडेला फावडं टेकवून उभा होता. मला बघून फलाटावर चढून आला. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

“बरी हायेस?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “तुजं लगीन खोटं हुतं. तवाच ठावं हुतं. तुजा भाऊ सोता येऊन मला सांगून गेलता.”

भाऊ इतक्या लांब चालत जाऊन सांगून आला होता, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

“मंग बोलला का न्हाईस?”

“बापाम्होरं कसं बोलायचं?” तो म्हणाला. आणि जरा थांबून, माझी समजूत घातल्यासारखं, “फिल्ममदी लय झ्याक दिसत हुतीस म्हनं तू.”

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या थोबाडीत मारली. फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. तो गालावर हात ठेवून उभा राहिला, पळाला नाही. गाडी आली. मी पिशवी उचलली आणि चढले.